सूत्रालाही गाव असते

काही वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या वर्गात मी फळ्यावर हाता यांचे सूत्र लिहीत होतो. टॉवरपासून दूर जाताना सिग्नल किती क्षीण होत जाईल, याचा अंदाज देणारे हे सूत्र. त्यात भूमीचे तीन प्रकार धरलेले असतात: शहर, उपनगर आणि मोकळे रान. लिहून झाल्यावर पाथरी तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी उठली. "सर, आमचा ऊस ह्याच्यात कुठं बसतो?"

तिचा प्रश्न अनुभवातून आलेला होता. पावसाळ्याच्या तोंडाला ऊस गुडघ्याएवढा असतो, तेव्हा विहिरीवरून घरी फोन लागतो. दिवाळीनंतर तोच ऊस डोक्याच्या वर जातो आणि फोन लावायला बांधावर यावे लागते. टॉवर तोच, फोन तोच, विहीरही तीच. मग बदलले काय?

मी तिला पानांतल्या पाण्याबद्दल सांगितले. अठराशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, उसाची रुंद पाती आणि रसाने भरलेली कांडी तिच्या वाटेत उभी राहतात, काही ऊर्जा शोषतात, काही विखुरतात, हे सगळे समजावले. झाडझाडोऱ्यासाठी वेगळी सूत्रे आहेत, हेही सांगितले. पण ती सूत्रे बहुतेक जंगलांच्या आणि फळबागांच्या मोजमापांतून आलेली, आणि तिला हवा होता तो ऊस त्यांत नव्हता. घरी गेल्यावर मूळ सूत्राचा इतिहास पुन्हा वाचला. योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो आणि भोवतालच्या प्रदेशात गाडीत यंत्रे घालून मोजमापे घेतली, ती १९६८ साली आलेखांच्या रूपात प्रसिद्ध झाली. मासाहारू हाता यांनी १९८० साली त्या आलेखांना सूत्रात बसवले. ते १५० ते १५०० मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी, आणि टॉवर ३० ते २०० मीटर उंच असेल तरच लागू. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीच्या फोनची लहरसुद्धा त्या सूत्राच्या हद्दीबाहेर होती. युरोपातल्या एका संशोधन गटाने पुढे ते २००० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवले, पण तेही ओकुमुरा यांच्याच आलेखांकडे पाहून.

त्या दिवशी मला जे लखलखीत दिसले, ते असे: या विषयातल्या प्रत्येक सूत्राला गाव असते. कोणी तरी कुठे तरी उभे राहून मोजले, त्या जागेची माती, इमारती, झाडे, हवा त्या आकड्यांत उतरली, आणि मग आकडे पुस्तकात जाऊन बसले. पुस्तकात गावाचे नाव गळून जाते. विद्यार्थ्याला वाटते की हे निसर्गाचे नियमच आहेत. हे पुस्तक त्या गळून गेलेल्या नावांचा शोध घेत शिकवण्याचा प्रयत्न आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे, त्यांच्यासाठी आधी त्याचा पसारा थोडा उलगडतो. बिनतारी संदेशवहन आणि मोबाइल कॉम्प्युटिंग ही जोडनावे असली तरी दोन वेगळ्या चिंता त्यांत आहेत. पहिली: तारेविना संदेश पोचवायचा कसा? दुसरी: ज्याच्याकडे पोचवायचा तो सतत जागा बदलतो, त्याची बॅटरी संपत येते, मधेच त्याची रेंज जाते, अशा यंत्रावर काम चालू ठेवायचे कसे? पहिली भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या अंगाने गेली, दुसरी संगणकशास्त्राच्या. पदव्युत्तर वर्गात दोन्ही एकाच विषयाच्या नावाखाली येतात आणि विद्यार्थी गोंधळतो, कारण सोमवारी त्याला तरंग शिकवतात आणि मंगळवारी डेटाबेस.

तरंगांची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. त्यांनी पुढे ज्या लहरींवर काम केले त्या मिलिमीटरांत मोजाव्या एवढ्या आखूड होत्या. आज फाइव्ह-जीसाठी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला जातो, त्याची तरंगलांबी ११-१२ मिलिमीटर भरते. बोस यांच्या प्रयोगशाळेकडे जग शंभराहून अधिक वर्षांनी परत आले आहे. १९२७ साली पुण्याजवळ खडकीहून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचे ग्रहणकेंद्र दौंडला होते. आणि आमची पिढी तर आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर वाढली, मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ. ती लहर सुमारे २३० मीटर लांब. एवढ्या लांब लहरीला ऊस दिसतही नाही. ती टेकडीला वळसा घालून, जमिनीला धरून चालते. रात्री मात्र केंद्राच्या आवाजात दूरचे, परक्या भाषेतले आवाज मिसळायचे. दिवसा या लहरी गिळून टाकणारा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर सूर्यास्तानंतर विरतो, आणि शेकडो किलोमीटरवरची त्याच वारंवारतेची केंद्रे वरच्या थरावर आदळून आपल्या रेडिओत उतरतात. लहानपणी आम्ही ट्रान्झिस्टर फिरवून फिरवून तो गोंगाट टाळायचो. सेल्युलर जाळ्याचा सगळा पाया त्या गोंगाटात आहे: एकच वारंवारता दोन ठिकाणी वापरायची, तर त्या ठिकाणांत अंतर किती ठेवायचे?

हा प्रश्न बेल प्रयोगशाळेत १९४७ साली उलटा करून विचारला गेला. केंद्र जितके शक्तिशाली तितके चांगले, ही जुनी समजूत सोडून डग्लस रिंग यांनी सुचवले की केंद्रे लहान करा, प्रदेशाचे षट्कोनी तुकडे पाडा, आणि त्याच वारंवारता थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा वापरा. कल्पना प्रत्यक्षात यायला तीन दशके गेली. मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला तो १९७३ साली. टोकियोत १९७९ आणि शिकागोत १९८३ साली सेवा सुरू झाली. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्लीदरम्यान झाला. पुढच्या पिढ्या, टू-जीपासून फाइव्ह-जीपर्यंत, वाचकाला तोंडपाठ असतात, म्हणून त्यांची जंत्री इथे देत नाही.

त्यापेक्षा या विषयातली घराणी ओळखणे मला महत्त्वाचे वाटते. गाण्यात जसे एकच राग दोन घराणी वेगळ्या अंगाने मांडतात, तसे इथेही आहे.

पहिले तरंगांचे घराणे, ज्याची ओळख उसापासून झालीच आहे. दुसरे क्लॉड शॅनन यांचे. १९४८ सालच्या त्यांच्या निबंधाने सांगितले की कोणत्याही गोंगाटी वाटेची एक कमाल मर्यादा असते, आणि त्या मर्यादेच्या आत राहून जवळजवळ बिनचूक संदेश पाठवता येतो. मर्यादा आहे हे त्यांनी सिद्ध केले, तिथपर्यंत जायचे कसे हे सांगितले नाही. पुढची कित्येक दशके संकेतशास्त्रातल्या लोकांनी ती वाट चालण्यात घालवली. या घराण्यातले एक मोठे नाव पुण्याचे आहे. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात झाला, १९५६ साली ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. स्टॅनफर्डमध्ये त्यांच्यासोबत काम करताना आरोग्यस्वामी पॉलराज यांनी एकाहून अधिक अँटेनांतून एकाच वारंवारतेवर वेगवेगळे संदेश एकाच वेळी पाठवण्याची पद्धत मांडली. दोघांच्या नावे तिचे अमेरिकी पेटंट १९९४ साली मिळाले. भिंती, इमारती, डोंगर यांवर आदळून येणारे लहरींचे पडसाद तोवर शत्रू मानले जात. या पद्धतीत तेच पडसाद कामाला लागले. आज आपल्या घरातल्या वाय-फायच्या डबीवर दोन-चार अँटेना दिसतात, त्या याच कल्पनेच्या आहेत.

तिसरे घराणे वाटणीचे, आणि मला ते शिकवायला सगळ्यात आवडते. नॉर्मन अॅब्रॅमसन यांनी १९७० च्या सुमारास हवाई बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. नियम एकच: पाठवायचे असेल तेव्हा पाठवा, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा पाठवा. मी वर्गात सहा जणांना डोळे मिटून उभे करतो, प्रत्येकाच्या हातात एका वाक्याची चिठ्ठी असते. कधीही बोला, दोन आवाज भिडले तर दोघांनीही पुन्हा बोलायचे. पाच मिनिटांत सगळे हसत असतात आणि फळ्यावर आलेली वाक्ये फारच थोडी असतात. गणित सांगते की या पद्धतीत उत्तमात उत्तम परिस्थितीतही वाटेचा १८ टक्केच वेळ सत्कारणी लागतो. मग मी टाळ्यांचा ठेका धरतो: बोलायचे तर टाळीवरच सुरू करायचे. एवढ्या एका शिस्तीने तो आकडा दुप्पट, ३७ टक्क्यांच्या जवळ जातो. आणि मग मी विचारतो, कालव्याचे पाणी कसे वाटता? जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरची मुले ताबडतोब सांगतात: पाळी. ज्याची पाळी त्याचे दार उघडे. वेळेची वाटणी करून वारंवारता वापरण्याची पद्धत हीच. पाळीचे फायदे-तोटेही त्यांना ठाऊक असतात: गरज नसली तरी पाळी येते, आणि गरज असते तेव्हा ती शेजाऱ्याची असते. रांगांच्या शास्त्रातले कठीण प्रमेय मग तितके परके राहत नाही.

चौथे घराणे संगणकवाल्यांचे. महादेव सत्यनारायणन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जोडणी तुटल्यावरही फायलींवर काम चालू राहील अशी व्यवस्था बांधली. जोडणी परत आली की बदल आपोआप जुळवले जातात. त्याच सुमारास रटगर्स विद्यापीठात टोमाश इमियेलिन्स्की आणि बी. आर. बद्रीनाथ यांनी फिरत्या यंत्रांसाठी माहिती साठवण्या-शोधण्याचे प्रश्न मांडले. यांच्या लेखी रेंज जाणे हा अपघात नसून रोजची अवस्था आहे. ज्या तालुक्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, तिथल्या विद्यार्थ्याला हे घराणे सर्वांत लवकर आपले वाटते. अलीकडे यंत्राला आकडेवारीवरून शिकवणारे नवे घराणे उभे राहिले आहे. त्याच्यावर या पुस्तकात मी थोडे आणि सावधपणे लिहिले आहे, कारण शिकवायला दिलेली आकडेवारी कुठल्या गावची, हा प्रश्न तिथे अधिकच तीव्र होतो.

हे सगळे परभणीत बसून आत्ता का शिकायचे? याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, स्टेशनपर्यंत गेले तरी पुरे. गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी देशात विकसित झालेली 'कवच' यंत्रणा सुरुवातीला ज्या मार्गांवर बसवली गेली, त्यांत दक्षिण मध्य रेल्वेचे मनमाड–मुदखेड–ढोण–गुंटकल आणि बीदर–परभणी हे मार्ग आहेत. आपले जंक्शन दोन्हींवर येते. रुळांमध्ये स्लीपरवर छोट्या आरएफआयडी पट्ट्या बसवलेल्या असतात. इंजिनाखालचा अँटेना त्यांच्यावरून जाताना त्या वाचतो आणि इंजिनाला आपला ठावठिकाणा कळतो. स्थानकातल्या उंच मनोऱ्यावरून रेडिओने पुढच्या सिग्नलची स्थिती आणि पुढे जायची मुभा किती अंतराची, हे इंजिनाला सांगितले जाते. चालक लाल सिग्नल ओलांडण्याच्या बेतात असेल, तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी यात किती प्रश्न आहेत! गाडी ताशी १२० किलोमीटरने मनोऱ्याकडे येत असेल, तर ४१० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची वारंवारता वेगामुळे साधारण ४५ हर्ट्झने सरकते. तीच गाडी साडेतीन गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जीवर असती तर जवळपास ३९० हर्ट्झने. ही सरक कोणत्या पद्धतीला झेपते? एका मनोऱ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना मधली क्षणभराची पोकळी चालेल का? आणि सर्वांत महत्त्वाचे: संदेश आलाच नाही तर इंजिनाने काय समजायचे? फोनवर आवाज तुटला तर आपण "हॅलो, हॅलो" करतो. इंजिनासाठी शांततेचा अर्थ आधीच ठरवून ठेवावा लागतो, आणि तो नेहमी सावधगिरीच्या बाजूचा असावा लागतो. हा धडा परदेशी पुस्तकातून शिकवण्यापेक्षा पूर्णेच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभे राहून शिकवला की जास्त रुजतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरे उत्तर परभणीच्याच कृषी विद्यापीठात आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव असलेल्या या विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने शेतीत आणण्यासाठी केंद्र उभे राहिले. ड्रोन म्हणजे उडता संगणक, आणि त्याची दोरी रेडिओची असते. हवामानावर आधारित कृषीसल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि मोबाइलवरून शेतकऱ्यापर्यंत जातो. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे. त्यामागे विजेचे स्थान शोधणाऱ्या केंद्रांचे जाळे आहे: वीज चमकते तेव्हा ती स्वतःच एक प्रचंड रेडिओ स्पंद सोडते, तो वेगवेगळ्या केंद्रांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि त्या फरकांवरून वीज कुठे चमकली हे काढले जाते. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. घड्याळे एकमेकांशी जुळवण्याचा हा कोरडा वाटणारा धडा मी वर्गात घेतो, तेव्हा समोरच्या बाकांवर कोणी मोबाइल चाळत नसते.

सूत्राला गाव असते, तसे प्रमाणांनाही असते, आणि ते गाव आपले असावे असे प्रयत्न याच देशात झाले आहेत. फाइव्ह-जीची आंतरराष्ट्रीय कसोटी ठरत असताना भारताने मागणी लावून धरली की विरळ वस्तीसाठी, जिथे दोन टॉवरांत सहा किलोमीटर अंतर असेल, अशी वेगळी चाचणी हवी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती मान्य केली. सहा किलोमीटरच का, याचे कारण भारतीय खेड्यांच्या रचनेत आहे. तारेने जोडलेल्या मोठ्या गावाभोवती लहान वस्त्या साधारण तेवढ्या अंतरात विखुरलेल्या असतात. तसेच मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या वारंवारतांवर इंटरनेट पोचवून पाहिले. तिथल्या हिरव्या टेकड्यांतून त्या लांब लहरी वाट काढतात, हा मुख्य मुद्दा. जिंतूरच्या डोंगराळ भागात असे कोणी करून पाहावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता या पुस्तकाविषयी. हे एम.एस्सी., एम.सी.ए. आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि तरंगांची तोंडओळख गृहीत धरली आहे. ज्यांची ती कच्ची असेल त्यांनी घाबरू नये, पण टाळूही नये. पदवीच्या वर्गात "हे काय आहे" एवढे विचारून भागते. इथे प्रत्येक सूत्राला "कुठे खरे, कुठे नाही" हे विचारायचे आहे. एक उदाहरण देतो. आमचे विद्यार्थी प्रकल्पासाठी एनएस-थ्री हा सिम्युलेटर वापरतात. त्यात अंतराबरोबर सिग्नल किती वेगाने क्षीण होतो, हे ठरवणारा घातांक आधीपासून ३ भरून ठेवलेला असतो. बहुतेक प्रबंधांत तो तसाच राहतो. तोंडी परीक्षेत मी विचारतो, "हे तीन कुठून आले?" उत्तर येत नाही. मोकळ्या अवकाशात तो आकडा २ असतो, दाट वस्तीत ४ पर्यंत जातो. तूर उभी असताना गंगाखेडच्या रानात तो किती, हे कोणी तरी जाऊन मोजायला हवे.

भाषेबद्दल थोडे. तरंगलांबी, वारंवारता, गोंगाट, पडसाद हे शब्द मी मोकळेपणाने वापरले, कारण ते अर्थ उजळवतात. पण अँटेना, टॉवर, हँडओव्हर, प्रोटोकॉल हे शब्द तसेच ठेवले. रेंज हा शब्द तर आता मराठीच आहे. परीक्षा इंग्रजीत असते हे मला ठाऊक आहे, तरी समज ज्या भाषेत येते त्या भाषेत ती आधी यावी म्हणून हा खटाटोप.

वाचकाने जवळ ठेवायचे साहित्य थोडे आहे: सिग्नलची पातळी डीबीएममध्ये दाखवणारे ॲप असलेला फोन, मोजपट्टी आणि आलेखाची वही. जागोजाग मोजायचे प्रयोग दिले आहेत. त्यातला एक आम्हाला अजून पुरता जमलेला नाही. काळ्या मातीत ओलावा मोजणारा संवेदक एक वीत खोल पुरला आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यावरून त्याचे आकडे घ्यायला लागलो. उन्हाळ्यात, जमिनीला भेगा पडलेल्या असताना, बांधावर संदेश नीट यायचे. कोरड्या मातीपेक्षा पाणी लहरीला कैक पटींनी अधिक अडवते, आणि आपली चिकण माती पाणी धरून ठेवते. पहिल्या मोठ्या पावसानंतर संवेदक गप्प झाला. किती खोलीवर, किती ओलीला, किती दिवस तो गप्प राहतो, याचा आलेख पूर्ण करायला दोन-तीन हंगाम लागतील. ज्यांच्या शेतात तो पुरला आहे त्या शेतकऱ्यांना आम्ही फक्त जागा दाखवून ठेवली होती. यंदा पेरणीआधी जाऊन पाहिले, तर पाळी घालताना त्यांनी त्या जागेच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन तासे मोकळी सोडली होती आणि मधोमध तुराटीची काडी रोवली होती.